न वितळता हार मानणारं पोलाद

सोल्डरची, म्हणजे डाख द्यायच्या शिसं-कथील मिश्रणाची, एक मिलिमीटर जाडीची तार खिळ्याला टांगा आणि खाली अर्ध्या किलोचं वजन बांधा. तार तुटत नाही. दोन-तीन दिवसांनी पट्टी लावा: ती लांबलेली असते. ना वजन वाढलं, ना खोली तापली. याला म्हणतात क्रीप.

‘पोलाद दीड हजार अंशांना वितळतं, मग सहाशेला त्याला काय धाड भरणार?’ या एका गैरसमजावर दर सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ९/११च्या हल्ल्यात कोसळलेल्या मनोऱ्यांबद्दलचे कटाचे फॉरवर्ड फिरतात. अहो, वितळावं कशाला लागतंय? सहाशेला बांधकामाच्या साध्या पोलादाची ताकद निम्म्यावर येते. शिवाय केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या साधारण ४० टक्क्यांना धातूत क्रीप सुरू होतं. लोखंडासाठी ते तापमान ४५० अंश सेल्सियसच्या आसपास. सोल्डर १८३ला वितळतं, म्हणजे आपली खोलीच त्याची भट्टी.

कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल संचांसारख्या ठिकाणी वाफ साडेपाचशेच्या आसपास किंवा वर, दाब २२१ बारहून जास्त, म्हणजे जिथे पाणी आणि वाफ वेगळी राहतच नाहीत. ही वाफ वाहणाऱ्या नळ्यांसाठी जगभर पी-९१ पोलाद वापरतात: ९ टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम. पण खरी गंमत चिमूटभर मालात आहे.

धातू वाकतो तो स्फटिकातल्या डिस्लोकेशनमुळे, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या सरकत्या दोषामुळे. सतरंजीची सुरकुती ढकलत नेली की सतरंजी सरकते, तसंच. वाटेत कठीण कण आला की सुरकुती अडते. थंडीत अडूनच राहते. तापल्यावर मात्र रिकाम्या जागांमधून अणू उड्या मारतात आणि डिस्लोकेशन कणावर चढून पलीकडे उतरते. मग कण इतके दाट हवेत की उतरताच पुढचा आडवा यावा. क्रोमियमची कार्बाइडं, म्हणजे क्रोमियम-कार्बनचे कठीण कण, हे काम करतात, पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेत मोठे कण छोट्यांना गिळतात आणि मधली वाट मोकळी होते. व्हॅनेडियम-नायोबियमचे वीस-पन्नास नॅनोमीटरचे कार्बोनायट्राइड कण मात्र फारसे फुगत नाहीत. व्हॅनेडियम असतं किती? पाव टक्का, तेही जेमतेम!

तरीही थंड असताना किमान ५८५ मेगापास्कल ताण सोसणारं हे पोलाद सहाशे अंशांना एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त टिकवायचं, तर हिशेब ९० मेगापास्कलच्या आसपासच धरावा लागतो.

वेल्डिंगच्या उष्णतेनं ही कणांची रचना बिघडते. जोडापासून काही मिलिमीटरवर बारीक दाण्यांची एक मऊ पट्टी राहते, आणि नळी बहुधा तिथेच चिरते. तपासणीत तो भाग आरशासारखा घासून त्यावर प्लास्टिकची फिल्म दाबतात आणि ठशात क्रीपनं पडलेल्या सूक्ष्म पोकळ्या शोधतात. पंचाईत अशी की या पट्टीतल्या पोकळ्या अनेकदा आधी भिंतीच्या आत होतात. वरचा ठसा तेव्हा स्वच्छच दिसतो.