जिवाणू तोच, काम वेगळं

नागपुरात मे महिन्यात रात्री दुधाला विरजण लावलं तर सकाळी दही आंबट ढाण. डिसेंबरात त्याच विरजणाचं भांडं शालीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवावं लागतं. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट जिवाणूंकडून रसायनं करून घेणाऱ्या उद्योगाच्या मुळाशी आहे. कोणता जिवाणू घेतला याइतकंच महत्त्व तो कशावर आणि कसा वाढवला याला आहे.

याचा पाया पॅरिसमध्ये घातला गेला. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी 1941 च्या आपल्या प्रबंधात जिवाणूंना दोन साखरा एकत्र दिल्या. ग्लुकोज संपेपर्यंत जिवाणूंनी दुसऱ्या साखरेला तोंड लावलं नाही, मग वाढ थोडी थबकली आणि पुन्हा सुरू झाली. त्या थबकण्याच्या वेळात दुसरी साखर पचवणारं नवीन एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, तयार होत होतं. एन्झाइम करण्याची सोय पेशीत असते, पण समोर काय वाढून ठेवलंय हे पाहूनच पेशी ते करते. पुढे 1965 चं नोबेल मोनो यांना जाकोब आणि ल्वॉफ यांच्यासोबत मिळालं.

कारखान्याला याची किंमत कळली ती पेनिसिलिनमुळे. पेनिसिलिन जी तोडून त्याचा गाभा, म्हणजे 6-एपीए, काढायचा आणि त्यापासून अँपिसिलिनसारखी औषधं करायची, असा हा धंदा. तोडण्याचं काम ई. कोलाय या जिवाणूचं पेनिसिलिन अ‍ॅसायलेज हे एन्झाइम करतं. जिवाणू ज्यात वाढवतात त्या माध्यमात फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल घातलं की हे एन्झाइम वाढतं, ग्लुकोज घातलं की दबतं. शिवाय ई. कोलाय झपाट्याने वाढतो 37 अंशांना, पण हे एन्झाइम भरपूर मिळतं 24 ते 28 अंशांच्या आसपास. आधी ते एका लांब साखळीच्या रूपात बनतं आणि मधला तुकडा कापला गेल्यावरच कामाचं होतं. जास्त उष्णतेत हे नीट पार पडत नाही.

हे मी एम.एस्सी.ला असताना हात पोळून शिकलो. आमच्या प्रयोगशाळेतला इनक्युबेटर फक्त तापवणारा, थंड करण्याची सोय नाही. मेमध्ये खोलीच 40 अंशांवर, मग काटा 26 वर ठेवून काय उपयोग? सकाळी फ्लास्क छान गढूळ झालेला, वाढ भरपूर. चाचणी लावली तर एन्झाइमची खूण असलेला पिवळा रंग येईचना. पेशी होत्या, एन्झाइम नव्हतं. मला आठवडाभर कल्चरच बिघडल्याचा संशय होता, आणि तो फार वाईट गेला.

माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर उदाहरण जपानचं आहे. अ‍ॅक्रिलामाइड या रसायनापासून होणारं पॉलिमर गढूळ पाणी निवळायला वापरतात. 1958 पासून नागपुरात असलेल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेमुळे पाणीशुद्धीकरण हा तर आपल्या शहराचा घरचाच विषय. हे अ‍ॅक्रिलामाइड जिवाणूंकरवी करण्याचा कारखाना 1985 मध्ये जपानात सुरू झाला. पुढे क्योटो विद्यापीठातल्या हिदेआकी यामादांच्या गटाने ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रस जे1 हा जिवाणू पुढे आणला आणि 1991 पासून तो कामाला लागला. अ‍ॅक्रिलामाइड बनवणाऱ्या त्याच्या नायट्राइल हायड्रेटेज या एन्झाइमच्या गाभ्यात कोबाल्ट हा धातू असतो. माध्यमात चिमूटभर कोबाल्ट आणि सोबत युरिया दिला, की पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक हेच एन्झाइम भरतं. कोबाल्ट काढला तर पेशी वाढतात, पण त्यांच्याकडून अ‍ॅक्रिलामाइड होत नाही. आणि कोबाल्ट ठेवून युरियाऐवजी सायक्लोहेक्झेनकार्बॉक्सामाइड हे दुसरं रसायन दिलं, तर हाच जिवाणू त्या एन्झाइमचं दुसरं, आकाराने लहान रूप बनवतो.