नाराई-जुकूला जाण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

एदो (आजचं तोक्यो) आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणाऱ्या नाकासेन्दो मार्गावर मुक्कामाची ६९ गावं होती. एदोकडून मोजलं तर नाराई ३४वं. पुढे ११९७ मीटर उंचीची तोरिई खिंड चढायची असल्यामुळे वाटसरू इथे रात्र काढत, आणि त्यावरच गाव वाढलं. सुमारे एक किलोमीटर लांबीची ही लाकडी घरांची ओळ १९७८ पासून संरक्षित आहे. घरांत आजही माणसं राहतात, त्यामुळे जाळीच्या खिडकीतून आत डोकावून फोटो काढू नका.

दोन तासांची धावती भेट आम्ही सुचवत नाही. दुपारी गर्दी असते आणि चार-पाचच्या सुमारास दुकानं मिटतात. गाव खरं दिसतं ते सकाळी लवकर, म्हणून एक रात्र राहाच.

गाडी. तोक्योहून आझुसा गाडीनं शिओजिरी, तिथून लोकलनं वीस-पंचवीस मिनिटं. नागोयाहून शिनानो गाडीनं किसो-फुकुशिमा, मग लोकल. शिनानो नाराईला थांबत नाही. लोकल साधारण तास-दोन तासांनी एक, म्हणून उतरल्याबरोबर परतीच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. रेल्वेचं प्रवास-कार्ड चालेलच असं धरू नका, छापील तिकीट काढा. मोठ्या बॅगा शिओजिरीजवळच्या मात्सुमोतो शहरातच ठेवा. रोख पैसेही आधीच काढा, कारण बऱ्याच दुकानांत रोखच लागते.

क्रम. स्टेशन उत्तर टोकाला आहे आणि शिझुमे हे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान दक्षिण टोकाला, किंचित चढावर. स्टेशनाजवळच पायऱ्या चढून देवदारांसारख्या उंच सुगी झाडांची जुनी वाट आणि दोनशे जिझो (वाटसरू आणि मुलांचा रक्षक मानलेल्या बोधिसत्त्वाच्या दगडी मूर्ती) लागतात. मेजी काळात (१८६८–१९१२) रेल्वे आणि रस्ता बांधताना वाटेवरच्या मूर्ती इथे आणून ठेवल्या. बहुतेक लोक घाईत ही जागा चुकवतात. मुख्य रस्त्यावर ठिकठिकाणी पाण्याच्या कुंड्या आहेत. ते पिण्याचं पाणी आहे, हात-पाय धुवायचे नाहीत. दाइहोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात डोकं तुटलेली, मूल घेतलेली जिझोची मूर्ती आहे. मुलाच्या हातातल्या कमळाच्या टोकाला क्रूसासारखा आकार दिसतो. एदो काळात (१६०३–१८६८) ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, म्हणून ही लपून पूजा करणाऱ्यांची मूर्ती असावी असं मानतात. तिथे पाच मिनिटं तरी थांबा.

देवस्थान आणि मंदिर. शिझुमेला तोरी म्हणजे प्रवेशाच्या कमानीतून जाताना मान झुकवा, मधोमध चालू नका. पाण्याच्या कुंडाशी एकाच पळीभर पाण्यात सगळं उरकायचं असतं: आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात, आणि शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्यानं दांडी धुवायची. पहिल्याच हातावर सगळं पाणी ओतलं की गडबड होते. पळीला तोंड लावू नका आणि चूळ कुंडात टाकू नका. मग पेटीत नाणं, दोनदा वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडा. हार, नारळ, पेढे नेऊ नका, तशी पद्धत नाही.

जोडे काढण्याची आपल्याला सवय आहे, पण इथली शिस्त बारीक आहे. जोडा खालच्या जमिनीवर काढायचा आणि मोज्यातला पाय थेट वरच्या लाकडी फळीवर टेकवायचा. मोज्यातला पाय खाली टेकवून मग वर चढलात तर बाहेरची धूळ आत नेलीत. तातामीवर (खोलीतल्या गवती चटयांवर) घरातल्या सपाताही चालत नाहीत.

शाकाहार. सगळ्यात जास्त चूक इथे होते. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया शाकाहारी वाटतात, पण गरम रस्सा आणि गार सोबासोबतचं बुडवण्याचं पाणी, दोन्ही बहुधा सुक्या माशाच्या अर्कावर असतात. सोबात बहुतेकदा गव्हाचं पीठही असतं, तेव्हा कुट्टू म्हणून उपवासाला खाऊ नका. भाजलेल्या भाताच्या गोहेइ-मोचीवर अक्रोड आणि मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनची) चटणी लावतात, तरी अर्क आहे का ते विचारा. मुक्कामाचं जेवण ठरलेलं असतं, म्हणून 'मासे, मांस आणि माशाचा अर्कही नको' हे आरक्षणाच्या वेळीच कळवावं लागतं. ते आम्ही जपानीत लिहून देतो. पोहोचल्यावर सांगितलंत तर स्वयंपाकघराच्या हातात काही उरत नाही.

खिंड. तोरिई खिंडीतून नाराई ते पुढचं मुक्कामाचं गाव याबुहारा सुमारे सहा किलोमीटर, अडीच-तीन तास. वाटेत अस्वलांना इशारा देणाऱ्या घंटा आहेत, प्रत्येक वाजवा. परत लोकलनं काही मिनिटांत येता येतं. बर्फ असेल तर ही वाट घेऊ नका, आणि पावसानंतर दगडी फरशीवर शेवाळ निसरडं होतं, साध्या चपला चालणार नाहीत.