जहाजावरच्या साक्षीदारावर विश्वास ठेवावा का?

क्रूझवर घडणाऱ्या थरारकथांचा साचा ठरलेला आहे. मध्यरात्री पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो, नायिका बाल्कनीत धावते, अंधारात तिला कुणाचा तरी हात दिसतो. सकाळी मोजदाद होते, तर सगळे प्रवासी हजर! मग उलटतपासणी तिचीच: रात्री किती घेतली होती? झोप झाली होती का?

ही शंका अगदीच अनाठायी नाही. उजेडातल्या केबिनमधून काळोखात आल्यावर डोळ्यांतल्या दंडपेशींना (मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींना) पुरेपूर सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तोवर जे अर्धवट दिसतं, ते मेंदू अंदाजाने पूर्ण करतो.

पण आठवणीला खरा धोका असतो तो नंतरच्या बोलण्याचा. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना शब्द वापरला ‘जोरात आदळल्या’. आठवड्यानंतर पहिल्या गटातल्या १४ टक्के, तर दुसऱ्यातल्या ३२ टक्के लोकांनी फुटलेली काच पाहिल्याचं सांगितलं. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात जोडीतल्या दोघांना एकच घटना वेगवेगळ्या कोनांतून दाखवली होती. ज्यांनी नंतर आपसांत चर्चा केली, त्यांच्यापैकी ७१ टक्के लोकांच्या साक्षीत जोडीदाराकडून फक्त ऐकलेली एखादी तरी गोष्ट शिरली. तेव्हा सगळ्यांना जहाजाच्या दिवाणखान्यात जमवून उलगडा करणारा थरारकथांतला तो रुबाबदार गुप्तहेर साक्षी नासवत असतो, असं माझं मत आहे. साक्षीदारांना वेगवेगळं बसवून, मध्ये न तोडता, लवकरात लवकर बोलू द्यावं. कथेत रंगत कमी येईल, एवढंच.

म्हणून नायिकेला वेड्यात काढायचं का? १९१२ च्या ‘टायटॅनिक’चं उदाहरण पाहा. रात्र अमावस्येजवळची, शेवटी जहाजावरचे दिवेही गेलेले. वाचलेल्यांना मदतीला आलेल्या ‘कार्पेथिया’ जहाजाने उचललं आणि न्यूयॉर्क येईपर्यंत तीनेक दिवस ते सगळे एकत्रच होते. स्मृती भेसळ व्हायला याहून सोयीची जागा कुठली? जहाज मधोमध तुटलं, असं अनेकांनी सांगितलं. दुय्यम अधिकारी लाइटोलर यांनी मात्र ते अखंड बुडाल्याची ठाम साक्ष दिली. अमेरिकी आणि ब्रिटिश, दोन्ही चौकशांनी अखंड जहाजाचीच बाजू उचलून धरली.

१९८५ मध्ये सुमारे ३,८०० मीटर खोलीवर अवशेष सापडले: दोन तुकडे, एकमेकांपासून जवळपास ६०० मीटरवर. पुढे मानसशास्त्रज्ञांनी चौकशीतल्या साक्षी पुन्हा चाळल्या. जहाजाच्या शेवटच्या क्षणांबद्दल बोललेल्या २० जणांपैकी १५ जणांनी ते तुटत असल्याचं सांगितलं होतं.