मराठवाड्यातला घरचा गेमिंग पीसी आणि भारनियमन : पार्श्वभूमी

मराठवाड्यात घरच्या कॉम्प्युटरवर गेम खेळण्याचा छंद कसा रुजला, याचा विषय निघाला की बोलणं किमती आणि इंटरनेट या दोनच गोष्टींभोवती फिरतं. हा हिशेब अपुरा आहे. 2005 ते 2012 या वर्षांत इथल्या पोरांनी कोणते गेम खेळले, कोणतं सामान आधी घेतलं आणि कोणतं घ्यायचं राहूनच गेलं, हे सगळ्यात जास्त लाइटीनं ठरवलं. त्यातही भारनियमनाचे तास वीजगळतीवरून, म्हणजे दिलेली पण बिलात न आलेली वीज किती यावरून, ठरवायचे, या एका निर्णयानं.

त्याआधीचं थोडक्यात. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ घरोघरी पोचले. कॉम्प्युटर मात्र घरात शिरला तो अभ्यासाच्या नावानं. 2001 मध्ये एमएससीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा सुरू झाली, सरकारी नोकरीला ती लागते म्हटल्यावर तालुक्याच्या गावीही क्लास निघाले, आणि ज्यांना परवडलं त्यांनी मुलांसाठी असेंबल्ड पीसी घेतला. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, आणि जालना इथले लोक सामानासाठी पुण्या-मुंबईकडे बघायचे. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या छंदिष्टांची बाजारपेठ हैदराबाद. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीटीसीत, भाव करायचा आणि खोकी घेऊन रेल्वेनं परत यायचं, ही नांदेडकरांची ठरलेली वाट होती.

या पीसींमध्ये बहुतेकदा इंटेल 845 मालिकेतला स्वस्त बोर्ड असायचा. त्यातल्या 845जीव्हीवर एजीपी स्लॉटच, म्हणजे तेव्हाचं ग्राफिक्स कार्ड बसवायची खाचच, नव्हती, आणि हे दुकानात कुणी सांगायचं नाही. ‘व्हाइस सिटी’ त्यावर रडतखडत चालायचा. 2003 चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मात्र बोर्डाच्या ग्राफिक्समध्ये पिक्सेल शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश काढायची सोय) नसल्यामुळे सुरूच व्हायचा नाही. ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलं तर पीसीआय या जुन्या, हळू खाचेत बसणारं शोधावं लागे, ते महाग आणि दुर्मीळ. तरीही या पोरांनी ग्राफिक्स कार्डाआधी यूपीएस घेतला, यामागचं कारण वेगळं आहे.

जून 2005 मध्ये राज्याच्या वीज मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळं झालं. तुटवडा हजारो मेगावॅटचा होता, भारनियमन अटळ होतं. प्रश्न फक्त कुणाकडे किती, एवढाच. मग गट पाडले गेले. ज्या भागात वितरणातली गळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, तिथे जास्त तास लाइट बंद. मोठ्या शहरांना त्यातून सवलत. पुढे हा हिशेब फीडरपर्यंत, म्हणजे उपकेंद्रातून एकेका वस्तीला वीज नेणाऱ्या लाइनीपर्यंत, आला.

निर्णयाची बाजू समजून घेण्यासारखी आहे. वीज कमी असताना जिथून पैसे येतात तिथे ती आधी द्यायची, म्हणजे थकबाकी भरायला आणि तारेवर टाकलेले चोरीचे आकडे काढायला लोकांवर दबाव येईल, असा तो विचार. पण फीडर हा माणूस नव्हे. एकाच फीडरवर दर महिन्याला रांगेत उभं राहून बिल भरणारा मास्तर असतो आणि आकडा टाकणाराही असतो. लाइट दोघांची एकाच वेळी जाते. शिवाय गळती म्हणजे नुसती चोरी नाही. लांबच लांब तारा, ओव्हरलोड डीपी, बंद पडलेले मीटर यांतूनही ती वाढते, आणि या गोष्टी दुरुस्त करणं ग्राहकाच्या हातात नव्हतं. मराठवाड्यातली बरीचशी गावं आणि शहरांतल्या जुन्या वस्त्या या हिशेबात खालच्या गटांत गेल्या. नियमित बिल भरणाऱ्यांवर हा सरळ अन्याय होता, आणि त्याची नोंद फार कमी झाली आहे.

गेम खेळणाऱ्याच्या टेबलावर याचा परिणाम रोज दिसायचा. पेपरात छापून आलेलं वेळापत्रक कॉम्प्युटरवर चिकटवलेलं असायचं, पण लाइट ते पाळायची नाही. 600 व्हीए क्षमतेच्या यूपीएसवर पेंटियम फोर आणि 15 इंची, जुना डब्यासारखा सीआरटी मॉनिटर नव्या बॅटरीत जेमतेम दहा मिनिटं काढायचा. आधी थांबून थांबून ‘टीं’ वाजायचं, मग आवाज दाट होत जायचा, आणि शेवटची सलग शिट्टी सुरू झाली की शटडाउनलाही वेळ उरायचा नाही. बारा व्होल्टची बॅटरी रोजच्या वापरानं वर्ष-दोन वर्षांत फुगायची. नवी टाकेपर्यंत यूपीएस म्हणजे नुसतं वजन.

म्हणून गेमची आवड-निवडही तशीच घडली. ‘प्रोजेक्ट आयजीआय’मध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. अर्धा तास तळावर सरपटत जाऊन अलार्म बंद करावा आणि लाइट जावी, की सगळं पहिल्यापासून. ‘व्हाइस सिटी’त सेव्ह करायला सेफहाउस गाठावं लागे, शिट्टी सुरू होताच गाडी पिटाळत तिकडे पळणं हा खेळातलाच एक खेळ झाला होता. ‘रोड रॅश’ची शर्यत काही मिनिटांत आटपते, बॅटरीवरही पुरी होते. एवढा जुना गेम इथे इतकी वर्षं का टिकला, याचं उत्तर मला यात सापडतं.

घरी इन्व्हर्टर आला तरी सुटका नव्हती. त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर नसेल तर बदलाबदलीच्या त्या क्षणात पीसी रिस्टार्ट व्हायचा. चौकोनी लहरींच्या, म्हणजे विजेची लहर गुळगुळीत न देणाऱ्या इन्व्हर्टरवर स्पीकर घूं करायचे. वरचेवर असं बंद पडण्यानं हार्ड डिस्कला बॅड सेक्टर यायचे, आणि ‘डिस्क एनटीएफएस करून घे, एफएटी32 ठेवू नको’ हा सल्ला पोरं एकमेकांना द्यायची. डिस्कवर फाइली ठेवायच्या या दोन पद्धती, अचानक लाइट गेली तर पहिलीत फाइली कमी बिघडतात. मे महिन्यात 42 अंशांत पीसी खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवण्याची पद्धतही याच काळातली. त्यानं गारवा मिळतो, पण दमट हवा आणि काळ्या मातीची धूळ मिळून फॅनवर आणि हीटसिंकवर जो थर बसतो, तो ब्रशनं सुटत नाही.

2012 च्या अखेरीस कमी गळतीचे फीडर भारनियमनातून मोकळे झाले. सगळ्यात जास्त गळतीचे शेवटचे गट मात्र तसेच राहिले. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्रच बंद ठेवावं लागलं. तोवर एलसीडी मॉनिटरनं यूपीएसचा वेळ वाढवला होता आणि लॅपटॉपनं प्रश्न बराचसा बाजूला सारला होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर 2016 पासून स्वस्त डेटा आला, 2018 मध्ये मोबाइलवर ‘पबजी’ आला, 2 सप्टेंबर 2020 ला त्यावर बंदी आली आणि 2021 मध्ये तो वेगळ्या नावानं परतला. मोबाइलला लाइट गेल्याचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे खेळणारी पोरं तिकडे गेली. पीसीवाल्यांना क्रिप्टो मायनिंगमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून डिजिटल चलन मिळवण्याच्या धंद्यामुळे, कार्डं परवडेनाशी झाली होती. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, त्याला मायनिंगची गरज उरली नाही आणि मायनिंगमध्ये घासलेली जुनी कार्डं बाजारात आली. 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. घरच्यांना हा फरक समजावून सांगणं अजून चालूच आहे.

दरम्यान एप्रिल 2022 मध्ये कोळशाची टंचाई झाली, तेव्हा भारनियमन पुन्हा जास्त गळतीच्या त्याच शेवटच्या गटांवर आलं. नव्या पीसींच्या ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचायची सोय) असलेल्या पॉवर सप्लायचं जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरशी बऱ्याचदा जमत नाही, लाइट जाताच मशीन बंद पडतं. त्यामुळे इथे कार्ड घेणारा आजही आधी प्युअर साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहरींच्या इन्व्हर्टरचा भाव विचारतो.