पेशीचे पाय कुठे रोवलेत?

नव्या पेठेत परवा एका काढ्याचा फलक दिसला : ‘सात दिवसांत आतडी आतून नवी!’ लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत आपलं आपणच नवं होतं. काढा प्या, नका पिऊ. खरा प्रश्न वेगळाच आहे : कुठल्या पेशीनं वाढायचं आणि कुठल्या पेशीनं गळून पडायचं, हे ठरतं कशावर?

बरंचसं पकडीवर. अस्तराच्या पेशी एका पातळ आधारपटलावर उभ्या असतात. हे पटल लॅमिनिन, कोलॅजेन अशा प्रथिनांचं असतं आणि त्याला धरून ठेवतात पेशीच्या आवरणातले ‘इंटेग्रिन’ नावाचे प्रथिन-रेणू. प्रत्येक इंटेग्रिन म्हणजे अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची जोडी. माणसात १८ अल्फा, ८ बीटा आणि त्यांच्या २४ जोड्या सापडतात. पण इंटेग्रिन नुसता चिकटून बसत नाही. आपल्याकडच्या काही मागांवर ताण्याच्या (उभ्या) प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकते; धागा तुटला की पत्री पडते आणि माग थांबतो. इंटेग्रिनचं काम तसंच. बाहेर पकड बसली की त्याच्या आतल्या टोकाशी टॅलिनसारखी प्रथिनं गोळा होतात, फोकल अ‍ॅडिजन कायनेज हे निरोप पुढे ढकलणारं विकर जागं होतं आणि ‘जग, विभाज’ हा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. पकड सुटली तर वाढीचे घटक भोवती कितीही असोत, निरोगी पेशी विभाजत नाही. उलट स्वतःला संपवते. या मरणाला १९९४ साली ‘अ‍ॅनॉयकिस’ नाव मिळालं.

गर्भात हे बसतं कसं? आठव्या ते दहाव्या आठवड्यात अस्तरातून रसांकुर, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, वर येऊ लागतात. पुढे त्यांच्या तळाशी खळगे तयार होतात आणि आधी सगळीकडे चाललेलं विभाजन त्या खळग्यांपुरतं उरतं. (याच सुमाराला नाळेत उतरलेलं आतडं पोटात परततं. एखाद्या बाळाचं बाहेरच राहिलं, की आईनं ग्रहणात विळी धरली होती का, याची चौकशी सुरू होते. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही.)

कॅनडातल्या शेरब्रुक इथल्या झां-फ्रान्स्वा बोल्यू यांच्या गटानं १९९०च्या दशकात माणसाच्या आतड्यात एक सुरेख वाटणी दाखवली. खळग्यांच्या पटलात लॅमिनिनची अल्फा-२ साखळी, रसांकुरांखाली अल्फा-१. इंटेग्रिनही तसेच वाटलेले : खाली अल्फा-२ बीटा-१, वर अल्फा-३ बीटा-१. (लॅमिनिनची अल्फा-२ वेगळी, इंटेग्रिनची वेगळी. नावं ठेवणाऱ्यांनी आपली दया केलेली नाही.) म्हणजे खळग्यातून वर सरकणाऱ्या पेशीच्या पायाखालची जमीन बदलते, पकडही बदलते, विभाजन सोडून ती अन्न शोषायला लागते आणि टोकाशी पोचली की सुटून पडते.

कर्करोगाच्या पेशी पकड सुटूनही मरत नाहीत, म्हणूनच त्या दूरवर पोचतात. दुसरीकडे, पांढऱ्या पेशींवरचा अल्फा-४ बीटा-७ इंटेग्रिन अडवून त्यांना आतड्यात शिरू न देणारं वेडोलिझुमॅब हे औषध २०१४पासून क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांच्या रुग्णांना दिलं जातं.