ईआरसीपीनंतरच्या रक्ततपासण्या : नमुना कधी द्यावा, आकडा कसा वाचावा

(आमच्या इंदूरच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी)

ईआरसीपी म्हणजे दुर्बिणीतून केलेली पित्तनलिकेची प्रोसिजर. पित्तनलिकेतला खडा काढायला किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) टाकायला त्यात दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका तिथे बहुधा एकाच तोंडाशी उघडतात, म्हणून काम पित्तनलिकेचे असले तरी सूज स्वादुपिंडाला येऊ शकते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि क्वचित आतड्याला छिद्र हे बाकीचे धोके. प्रत्येकाची खूण रक्तात वेगळ्या वेळी उमटते. त्यामुळे फॉर्मवर प्रोसिजर किती वाजता संपली ते लिहाच. वेळ माहीत नसलेल्या रिपोर्टवरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही.

अमायलेज आणि लायपेज

ही दोन्ही स्वादुपिंडातून येणारी पाचकद्रव्ये; त्याला सूज आली की रक्तात वाढतात. पोटात दुखत असेल आणि त्याच दिवशी घरी जायचे असेल, तर प्रोसिजर संपल्यावर २ ते ६ तासांनी नमुना द्या. अमायलेज वरच्या मर्यादेच्या दीडपटीपेक्षा आणि लायपेज चौपटीपेक्षा कमी असेल, तर स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता फार कमी राहते. देवास, धार, खरगोनकडच्या मंडळींनी गाडीत बसण्याआधीच हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.

पुष्कळांचे अमायलेज वाढते, पण पोट दुखत नाही. नुसत्या आकड्याने घाबरू नका. नव्याने सुरू झालेली किंवा वाढलेली पोटदुखी आणि २४ तास उलटल्यावरही तिप्पट किंवा त्याहून जास्त अमायलेज, असे दोन्ही असेल तर डॉक्टर स्वादुपिंडाची सूज धरतात. ही पट त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेवरून काढा. मशीन आणि पद्धत बदलली की मर्यादाही बदलते, म्हणून हॉस्पिटलचा आकडा आणि आमचा आकडा थेट शेजारी ठेवू नका.

अमायलेज लाळग्रंथींतूनही येते आणि लवकर उतरते. लायपेज जास्त दिवस टिकते. दुखणे सुरू होऊन तीन-चार दिवस झाले असतील तर तेच उपयोगी. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) खूप वाढलेले असेल तर अमायलेज खोटे नॉर्मल दिसू शकते, तेव्हा ते आधी सांगा.

नर्सिंग होममधून नमुना आणणाऱ्यांना कळकळीची विनंती : जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधले रक्त लाल किंवा पिवळ्या ट्यूबमध्ये ओतू नका. जांभळ्या ट्यूबमधले रसायन कॅल्शियम बांधून ठेवते आणि अमायलेजला काम करायला कॅल्शियम लागते. आकडा खोटा कमी येतो आणि आजार झाकला जातो. जांभळी ट्यूब सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी), बाकीच्या तपासण्यांना लाल किंवा पिवळी.

सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, कल्चर

सीआरपी (शरीरात सूज आली की रक्तात वाढणारे प्रथिन) चढायला ६ ते १२ तास लागतात आणि ते साधारण ४८ तासांना शिखर गाठते. चौथ्या तासाला नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नये. स्वादुपिंडाला सूज असताना ४८ तासांनी ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी. एकक नीट पाहा : काही रिपोर्ट डेसिलिटरमध्ये असतात, तिथे हेच १५ दिसते. जंतुसंसर्गात प्रोकॅल्सिटोनिन काही तासांतच वाढते, पण ही तपासणी महाग आहे. डॉक्टरांनी लिहिली तरच करा. थंडी वाजून ताप आला तर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यावे. प्रौढांत दोन सेट, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त.

बिलिरुबिन आणि हिमोग्लोबिन

स्टेंट पडला तरी डोळे लगेच पांढरे होत नाहीत. बरेच दिवस कावीळ असेल तर बिलिरुबिनचा (कावीळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा) काही भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि तो उतरायला आठवडे लागतात. आकडा खाली येतोय ना, एवढे पाहा. उतरलेला आकडा पुन्हा चढला आणि ताप आला, तर स्टेंट तुंबला असू शकतो.

रक्तस्राव सुरू होताच हिमोग्लोबिन उतरत नाही, त्याला काही तास लागतात. नलिकेचे तोंड कापून रुंद केले असेल, तर एक-दोन आठवड्यांनीही रक्त जाऊ शकते. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते; चालू असतील तर सांगा.

यांपैकी कशालाच उपाशी राहावे लागत नाही. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली असेल, तर नमुना देण्याआधी खाल्ले तरी चालेल.

असह्य पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, थंडी-ताप, काळी शौच किंवा चक्कर असेल, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आतड्याला छिद्र पडले असले तरी सुरुवातीला रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. ते सीटी स्कॅनमध्ये कळते.