किती गेलं तर चालेल?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतला पन्नासेक कामगारांचा एखादा कारखाना घ्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. त्याच्याकडे सगळ्यात जास्त डेटा कशाचा साठतो? ड्रॉइंगचा नाही, हिशोबाचाही नाही. सीसीटीव्हीचा. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने चित्रण पाठवत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. असे ८ कॅमेरे आणि ३० दिवसांचं रेकॉर्डिंग धरलं की आकडा १० टीबीच्या वर जातो. टॅलीचा फोल्डर मात्र कित्येक वर्षांचा हिशोब पोटात घेऊनही पेन ड्राइव्हवर आरामात मावतो. सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम तर त्याहून किरकोळ, साध्या मजकुराच्या फाइली.

आता यातलं काय गेलं तर चालेल? मागच्या महिन्याचं गेटवरचं चित्रण गेलं तर कुणाचं फारसं बिघडत नाही. मार्चअखेरीला टॅलीचा डेटा गेला तर मालक, अकाउंटंट आणि सीए अशा तिघांची झोप उडते. म्हणून स्टोरेज घ्यायला निघालेला माणूस "किती टीबीची आहे?" असं विचारतो, तेव्हा त्याने चुकीच्या टोकाला हात घातलेला असतो. विचारायचं असतं ते वेगळंच. किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर परवडेल? आणि किती तास सगळं बंद राहिलं तर परवडेल? या धंद्यातले लोक पहिल्याला आरपीओ म्हणतात आणि दुसऱ्याला आरटीओ. (नाशिककराला आरटीओ म्हटलं की पेठ रोडवरचं गाड्यांच्या नोंदणीचं ऑफिसच आठवणार, त्याला इलाज नाही.)

ही उत्तरं प्रत्येक धंद्याची वेगळी असतात, आणि एकाच धंद्यात हंगामागणिक बदलतात. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष निर्यातदाराचं बघा. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंदणी, कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल, पॅकिंगची माहिती, कंटेनरचे कागद असं सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल पॅक होऊन उभा असताना हे कागद चार तास उघडले नाहीत तर जीव टांगणीला लागतो. ऑगस्टमध्ये हाच कॉम्प्युटर दोन दिवस बंद राहिला तरी कुणी विचारत नाही. स्टोरेजवर किती खर्च करायचा, हे मार्चचा विचार करून ठरवावं.

डेटा राहतो त्या वस्तूबद्दल. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या फिरत असतात, नेहमीच्या डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे. वाचणारं टोक चकतीला न टेकता काही नॅनोमीटर वर तरंगतं. हवी ती माहिती गाठायला टोकाने आधी योग्य रांगेवर जायचं, त्याला साधारण ८ मिलिसेकंद लागतात. मग चकतीचा नेमका भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं, सरासरी आणखी ४. म्हणजे एका उडीला १२ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० उड्या. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हे जाणवतही नाही. पण २ लाख छोट्या फाइलींची कॉपी काढायला घेतलीत, तर प्रत्येकीसाठी एकच उडी धरली तरी नुसत्या शोधाशोधीत चाळीसेक मिनिटं जातात. ऑफिसातले दहा जण एकाच सर्व्हरवरची टॅली उघडून बसले की ती रखडते, त्यात या उड्यांचा वाटा मोठा असतो.

एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. सिलिकॉनच्या बारीक कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो, त्यामुळे तीच उडी १ मिलिसेकंदाच्याही आत होते. ही फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात मांडली. तिची दोन दुखणी आहेत. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, मग तो झिजतो. आणि वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर भार हळूहळू गळतो. त्यामुळे रोज चालणाऱ्या कामाला एसएसडी बिनधास्त घ्या, पण बॅकअप घेऊन कपाटात टाकून द्यायला ती नको, तिथे हार्ड डिस्क बरी. ज्यांच्याकडे खरोखर डोंगराएवढा जुना डेटा आहे ते आजही चुंबकीय टेप वापरतात. एलटीओ जातीच्या नवव्या पिढीच्या एका टेपवर १८ टीबी मावतात.

लाइट गेल्यावर काय होतं तेही इथेच सांगून टाकतो, कारण एमआयडीसीत झटका कधी बसेल याचा नेम नसतो. तुम्ही "सेव्ह" दाबता आणि पडद्यावर काम झाल्यासारखं दिसतं, तेव्हा ती माहिती बऱ्याचदा डिस्कवर पोहोचलेली नसते. वेग राखण्यासाठी ती आधी मेमरीत थांबते आणि मग सवडीने खाली उतरते. तेवढ्यात लाइट गेली तर एका नोंदीचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना राहतो. "फाइल करप्ट झाली" ते बऱ्याचदा असं. चांगले डेटाबेस यावर एक जुनाच मुनीमजींचा उपाय करतात. बदल करण्याआधी "मी अमुक बदल करणार आहे" अशी नोंद एका वेगळ्या वहीत पक्की करायची आणि मगच मूळ जागी हात लावायचा. लाइट आल्यावर ती वही वाचून अर्धवट राहिलेलं काम एकतर पूर्ण करायचं नाहीतर मागे घ्यायचं. ही सोय असली तरी सर्व्हरला यूपीएस हवाच, आणि त्याच्या बॅटरीची मुदत कुणीतरी बघायला हवी.

डिस्क मात्र आज ना उद्या उडतेच. मग एका डिस्कवर भिस्त न ठेवता अनेक स्वस्त डिस्क मिळून एक भरवशाची डिस्क उभी करावी, ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या तिघांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. तिचं नाव रेड. लासलगावच्या पट्टीवर चार ट्रॅक्टरची वजनं आणि खाली बेरीज लिहिली असेल आणि त्यातला एक आकडा पुसला गेला, तर बेरजेतून उरलेले तीन वजा केले की तो परत मिळतो. रेडच्या एका प्रकारात नेमकं हेच होतं, फक्त बेरजेच्या जागी सम-विषम असतं. चार डिस्कवर एकाच जागी १, ० , १, १ लिहिलंय. एक हा आकडा तीनदा आला, म्हणजे विषम, म्हणून पाचव्या डिस्कवर १ लिहायचा. दुसरी डिस्क मेली तर उरलेल्या तिघींत तीन १ आहेत आणि पाचवी म्हणते एकूण विषम, म्हणजे हरवलेला आकडा ०. असं एकेका बिटाचं गणित करत नवी डिस्क भरली जाते. १० टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरायची म्हटली तरी १४ तास लागतात. तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर भरपूर ताण असतो, आणि त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्यांचं वयही सारखंच. दुसरी गेली तर गणित संपलं. म्हणून मोठ्या डिस्क असतील तर दोन डिस्क गेल्या तरी तगणारा प्रकार घेतात.

इथे एक गैरसमज इतका रुजलेला आहे की तो ऐकून ऐकून कंटाळा येतो. "आमच्याकडे रेड आहे, बॅकअपची गरज नाही." रेड डिस्क मरण्यापासून वाचवतं, माणसाच्या हातापासून नाही. कुणी फोल्डर डिलीट केला तर तो सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी, अगदी इमानदारीने डिलीट होतो. दोन सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून घेत असतील तरी तीच गत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण नाशिकच्या मालाच्या वाटेवरच घडलं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. आपली द्राक्षं आणि कांदा ज्या न्हावा शेवातून परदेशी जातो, तिथलं या समूहाचं कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कचे कर्मचारी आणि त्यांचे अधिकार यांची यादी जगभरातल्या दीडेकशे सर्व्हरवर होती, आणि ते सगळे एकमेकांची प्रत राखत होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा विचार. ते सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती आणि तो नेटवर्कबाहेर होता. भारनियमनाने कुणाचं भलं केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली; त्यासाठी सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने घडवावे लागले.

म्हणून निदान एक प्रत तारेने कशालाच जोडलेली नसावी. बॅकअपची डिस्क सर्व्हरला बारा महिने लावून ठेवली तर खंडणीचा व्हायरस मूळ डेटाबरोबर तिलाही कुलूप घालतो. घ्यायची, काढायची आणि दुसरीकडे न्यायची.

दुसरीकडे म्हणजे खरंच दुसरीकडे. गोदेला पूर आला की नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कितीपर्यंत बुडाली त्यावरून नाशिकमध्ये अंदाज बांधतात. ऑगस्ट २०१६ आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये काठची दुकानं पाण्यात गेली होती. सराफ बाजारातल्या दुकानात कॉम्प्युटर टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पाण्याला दोन्ही एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं ८५८ टीबीचं भांडार जळालं. त्याची बाहेर प्रत नव्हती. कारण असं देण्यात आलं की एवढ्या मोठ्या डेटाची प्रत ठेवणं झेपत नव्हतं.

दूरची प्रत ठेवायला आता क्लाउड सोपं पडतं. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत, अॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून. मात्र विक्रेता एक गोष्ट सहसा आपणहून सांगत नाही. २ टीबी डेटा १०० मेगाबिटच्या लाइनवरून परत उतरवायला, लाइन एकदाही न अडखळता, सुमारे ४५ तास लागतात. क्लाउडवर सगळं सुरक्षित आहे आणि कारखाना दोन दिवस बंद आहे, अशी परिस्थिती येऊ शकते. त्यामुळे घाईत लागणारी प्रत जवळ आणि पूर-आगीसाठीची लांब, असं दोन्ही ठेवावं. कॅमेऱ्याचं चित्रण क्लाउडवर चढवायच्या भानगडीत पडू नये, बिल बघून डोळे पांढरे होतील.

आणि घेतलेला बॅकअप उघडतो का, हे बघायलाच हवं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी त्यांतली एकही नीट चालत नव्हती. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचं गेलं. सॉफ्टवेअर हाच ज्यांचा धंदा त्यांची ही कथा. आपल्याकडे महिन्यातून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून टॅली उघडायची, मागच्या आठवड्याचं एखादं बिल शोधायचं आणि रक्कम ताडून पाहायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते कुणी करायचं ते नावानिशी ठरलेलं असावं, नाहीतर दिवाळीपर्यंत कुणीच करत नाही.

राहता राहिला कायदा. कंपन्यांना हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि ऑगस्ट २०२२ पासून रोजच्या रोज असावा लागतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या. डिस्कची वॉरंटी मात्र साधारण ३ ते ५ वर्षांचीच असते, म्हणजे हा डेटा मुदत संपेपर्यंत एकदा तरी नव्या डिस्कवर हलवावाच लागणार. हलवताना तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो त्याचा इन्स्टॉलर आणि लायसन्सचे कागदही त्याच फोल्डरमध्ये टाका.